पिनेजवळची पांढरी रेघ: कॉमिकचा कणा कसा तपासायचा आणि त्यावरून गुण कसे ठरतात

मे १९८८ च्या 'अमेझिंग स्पायडर-मॅन' क्रमांक ३०० च्या दोन प्रती टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आहेत असं समजा. टॉड मॅकफार्लेनचं मुखपृष्ठ दोन्हींवर तितकंच झळझळीत, कोपरे टोकदार, आतली पानं पांढरी. एकीला दहापैकी ९.८ गुण मिळाले, दुसरीला ९.४. फरक सापडायला दिवा तिरपा करावा लागतो. दुसऱ्या प्रतीच्या डाव्या कडेला, खालच्या पिनेच्या वरखाली तीन आडव्या रेघा आहेत, एकेक जेमतेम दोन मिलिमीटरची. एवढ्याशा रेघांमुळे त्या दोन प्रतींच्या किमतीत दुपटीहून जास्त अंतर पडतं.

मी बरीच वर्षं अमेरिकन कॉमिक्स जमवतो आहे. सुरुवात फोर्टच्या फुटपाथवरच्या ढिगांतून झाली, आता बहुतेक खरेदी परदेशातल्या विक्रेत्यांकडून होते. या छंदात नव्याने आलेली मुलं-मुली मला सर्वांत जास्त वेळा हेच विचारतात, की प्रत तर नवी कोरी दिसते, मग गुण का कापले? दहातल्या निम्म्या वेळा तरी उत्तर कण्यात, म्हणजे पिना मारलेल्या डाव्या घडीच्या कडेत असतं. म्हणून हा लेख फक्त कण्याबद्दल.

आधी गुणांची पट्टी थोडक्यात. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी १९७० मध्ये कॉमिक्सच्या किमतींची मार्गदर्शिका काढली आणि प्रतीच्या अवस्थेला नावं देण्याची शिस्त तिच्यामुळे रुजली. आज सगळे ०.५ ते १० ही पट्टी वापरतात. ९.४ म्हणजे निअर मिंट, ८.० व्हेरी फाइन, ६.० फाइन, ४.० व्हेरी गुड, २.० गुड. नावांवर जाऊ नका. 'गुड' म्हणजे चांगली नव्हे, बरीच हाताळलेली, खचलेली प्रत. फ्लोरिडातल्या सारासोटाची सीजीसी ही संस्था २००० सालापासून पैसे घेऊन गुण देते आणि प्रत कडक प्लास्टिकच्या खोक्यात बंद करते. या खोक्याला सगळे स्लॅब म्हणतात.

टिक पडते कशी

हे समजलं की पुढचं अर्धं काम सोपं होतं. साधं अमेरिकन कॉमिक म्हणजे मधोमध घडी घातलेले कागद एकात एक बसवून घडीवर दोन पिना मारलेल्या. आतले कागद वर्तमानपत्रासारखे मऊ, बाहेरचं मुखपृष्ठ चकचकीत आणि त्या मानाने ताठ. वाचण्यासाठी आपण प्रत उघडतो तेव्हा मऊ कागद निमूट वळतो. मुखपृष्ठ मात्र दोन ठिकाणी पिनेने जखडलेलं असतं. बाकीचा कागद सरकू पाहतो, पिनेजवळचा सरकू शकत नाही, आणि सगळा ताण तिथे एकवटतो. कण्याला काटकोनात एक बारीकशी चुणी पडते. तीच स्पाइन टिक.

पहिल्यांदा उघडल्यावर ती नुसती चुणी असते. पुन्हा पुन्हा तिथेच ताण आला की चुणीच्या माथ्यावरची शाई आणि चकाकी तडकते आणि खालचा पांढरा कागद डोकावतो. याला मी 'रंग तुटणं' म्हणतो. रंग तुटलेली टिक आणि रंग न तुटलेली टिक, या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नवखा माणूस दोन्हींना एकाच मापाने मोजतो आणि तिथेच फसतो.

पायरी पहिली: टेबल, हात, उजेड

टेबल पूर्ण मोकळं करा, चहाचा कप दुसऱ्या खोलीत ठेवा. हात साबणाने धुऊन अगदी कोरडे करा. सुती हातमोजे मला पसंत नाहीत, कारण त्यात बोटांना कागदाची कड कळत नाही आणि कोपरे दुमडतात. पावसाळ्यात तळहाताला सतत घाम येत असेल तर पंख्याखाली थोडं थांबा, मगच हात लावा. ओलसर बोटाचा ठसा काळ्या मुखपृष्ठावर उमटला की निघता निघत नाही.

प्रत प्लास्टिकच्या पिशवीतून काढताना पिशवीची चिकटपट्टी आधी संपूर्ण सोडवा आणि पिशवीच्या मागच्या बाजूला दुमडून चिकटवून टाका. पट्टी तशीच लोंबत ठेवून प्रत ओढली की ती मुखपृष्ठाला चिकटते आणि शाईचा पापुद्राच उचलून घेते. कण्यावरच्या चार टिका परवडल्या, पण हा ओरखडा नको. प्रत नेहमी मागच्या पुठ्ठ्यासकट बाहेर सरकवा.

पायरी दुसरी: लांबून, मग तिरप्या उजेडात

आधी प्रत हातभर अंतरावर ठेवून नुसती बघा. या अंतरावरून जे दोष दिसतात ते मोठे. मग खोलीतला मुख्य दिवा बंद करून टेबललॅम्प जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आणा, उजेड मुखपृष्ठावरून घसरत जाईल असा. प्रत हळूहळू फिरवा. सपाट उजेडात न दिसलेल्या चुण्या आता सावलीसकट उठून दिसतात. रंग न तुटलेल्या टिका बऱ्याचदा याच उजेडात पहिल्यांदा सापडतात.

कण्यावर नजर वरून खाली न्या, मध्ये कुठेही उडी मारू नका. वरचं टोक, वरची पिन, मधला भाग, खालची पिन, खालचं टोक. मग प्रत उलटून मलपृष्ठाचा कणाही असाच बघा. नव्याने आलेले जवळपास सगळेच मलपृष्ठ विसरतात. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ हा एकच अखंड कागद आहे आणि घडी दोघांना सामाईक. गुण देणारा दोन्हीकडे बघतो.

पायरी तिसरी: रंग तुटला आहे का?

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. दागिन्यांच्या कामाला वापरतात ते छोटं भिंग उत्तम. एकेका टिकेवर थांबा. चुणीच्या माथ्यावर शाई सलग आहे की मध्ये पांढरे तंतू दिसतात?

माझ्यासमोर आत्ता १९८६ सालची एक प्रत आहे, मुखपृष्ठ जवळजवळ पूर्ण काळं. नुसत्या डोळ्यांनी वरच्या पिनेपाशी दोन पांढरे ठिपके दिसतात. भिंगाखाली त्यांतला एक खरोखरचा तडा निघाला, शाईला मधोमध भेग आणि आत कापसासारखे तंतू. दुसरा ठिपका म्हणजे नुसता कागदाचा कण, ब्रशच्या एका फटकाऱ्याने उडाला. खालच्या पिनेपाशी मात्र साध्या उजेडात काहीच दिसत नव्हतं. तिरप्या उजेडात तिथे चार चुण्या मोजल्या, चारही ठिकाणी शाई सलग. म्हणजे या प्रतीवर टिका पाच, पण रंग तुटलेली एकच. ही नोंद अशीच लिहायची. 'पाच टिका' एवढंच लिहिलंत तर प्रतीवर अन्याय होईल, आणि 'एक टिक' एवढंच लिहिलंत तर विकत घेणाऱ्यावर.

मुखपृष्ठाच्या रंगाचा यात मोठा वाटा आहे. काळ्या, गडद निळ्या, गर्द लाल कण्यावर अर्ध्या मिलिमीटरचा तडाही ओरडून सांगतो. पांढऱ्या किंवा फिक्या पिवळ्या कण्यावर तोच तडा लपून जातो, कारण खालचा कागदही पांढराच. म्हणून काळ्या मुखपृष्ठाची उच्च गुणांची प्रत मिळणं अवघड आणि तिचं मोल जास्त. पांढऱ्या मुखपृष्ठावर फोटो बघून 'कणा स्वच्छ' असा निर्वाळा कधीही देऊ नका, तिथे तिरपा उजेडच हवा.

पायरी चौथी: किती, केवढ्या, कुठे

टिका मोजा, प्रत्येकीची लांबी मिलिमीटरच्या पट्टीने मापा आणि जागा लिहा. इतक्या टिकांना इतके गुण असा काटेकोर हिशेब मी कुणाला शिकवत नाही. गुण देणारा सगळी प्रत एकत्र तोलतो आणि कोपरे, कडा, पानांचा रंग, चकाकी हे सारं त्या तोलात येतं. तरीही पुष्कळ स्लॅब हाताळून माझा जो अंदाज बसला आहे तो सांगतो, सुरुवातीला धरून चालायला उपयोगी पडेल.

९.८ ला एखादी अगदी बारीक, रंग न तुटलेली चुणी खपून जाते. रंग तुटलेली, सहज दिसणारी एक टिक असली की मी ९.८ ची आशा सोडतो. ९.६ ला एक-दोन इवल्या टिका चालतात, बाकी प्रत निर्दोष असेल तर. ९.४ ला दोन-चार बारीक रेघा, त्यातली एखादी रंग तुटलेली. ९.० च्या आसपास टिका मोजून सांगता येतात, दिसतात, पण नजरेला खुपत नाहीत. ८.० ला कण्यावर छोट्या टिकांची ओळ असू शकते, तरी कणा सपाट आणि घट्ट हवा. ६.० ला आलो की टिका मोजण्यात अर्थ उरत नाही, तिथे कण्याला पाव इंचाची म्हणजे सहा मिलिमीटरची फाटही बसते. आणि २.० च्या प्रतीत दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर कणा उसवलेला असला तरी चालतं.

नव्या माणसाने या उतरंडीतून एक गोष्ट नीट ओळखावी. टिक सर्वांत महाग पडते ती पट्टीच्या वरच्या टोकाला. ९.८ च्या प्रतीवर उमटलेली एक रेघ पूर्ण पायरी खाली आणते. ४.० च्या प्रतीवर आणखी पाच रेघा उमटल्या तर काही बिघडत नाही, तिथे आधीच घड्या, डाग, झिजलेले कोपरे आहेत. म्हणून तुम्ही साठच्या दशकातला, आधीच हाताळलेला अंक वाचण्याच्या ओढीने घेणार असाल, तर टिकांसाठी घासाघीस करत बसू नका. ऐंशी-नव्वदच्या दशकातला, लाखोंनी छापलेला अंक घेणार असाल तर मात्र कण्यावरच सगळा खेळ आहे, कारण त्या अंकांच्या बऱ्या प्रती ढिगाने आहेत आणि पैसा फक्त जवळजवळ निर्दोष प्रतीला मिळतो.

जागेचंही महत्त्व आहे. दोन्ही पिनांपाशी एकेक टिक असणं वेगळं आणि पिनांच्या मधल्या भागात टिक असणं वेगळं. मधल्या टिका बहुधा वाचण्याने आलेल्या नसतात, प्रत कुणीतरी एका हाताने कण्याशी चिमटीत उचलल्याने आलेल्या असतात. तिथे अंगठ्याच्या आकाराची अर्धगोल दुमडही सोबत सापडते, ती शोधा.

टिकांचे शेजारी

कण्याचे बाकीचे दोष भरभर सांगतो, पण नजरेतून एकही सुटू देऊ नका.

कण्याचा बाक, म्हणजे स्पाइन रोल: लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हातात मासिक मागे दुमडून वाचतो ना, तसं कॉमिक वाचलं की घडी जागेवरून सरकते. समोरून बघितलं तर मलपृष्ठाची पट्टी डावीकडे डोकावते. प्रत टेबलावर ठेवून खालच्या टोकाकडून पाहिलं तर कणा कपाळावर आठी पडल्यासारखा कललेला दिसतो. टिकेपेक्षा हा दोष जास्त गुण खातो.

कण्याची फाट वरच्या किंवा खालच्या टोकापासून सुरू होते. ती छापखान्यातलीही असू शकते. बांधणी आणि कापणीच्या वेळी टोकाला अगदी बारीक फाटा पडतात, त्यांना बाइंडरी टेअर म्हणतात. त्यांच्याकडे थोडं उदारपणे बघितलं जातं, तरी सर्वोच्च गुणांना त्या नडतातच.

पिना: गंज आहे का, गंजाचा डाग कागदात उतरला आहे का, मुखपृष्ठ पिनेतून सुटलं आहे का? मधलं पान उघडून पिनेचे पाय बघा. पिनेभोवती दुसरी भोकं दिसली तर पिना बदललेल्या असण्याची शंका घ्या.

आणि ज्यांना पिनाच नाहीत अशा चौकोनी कण्याच्या, गोंदाने चिकटवलेल्या प्रती वेगळ्या जातीच्या. १९८८ चं 'बॅटमॅन: द किलिंग जोक' तसं आहे. तिथे टिका पिनेभोवती गोळा होत नाहीत. कण्याच्या कडेला समांतर उभी घडी पडते, आणि कण्याच्या दोन्ही टोकांना रंग घासला जातो. तपासणीची जागा बदला.

पायरी पाचवी: किंमत बघण्याआधी स्वतःचा आकडा लिहा

सरावाला १९९१ चा 'एक्स-मेन' क्रमांक १ घ्या. त्याच्या ८० लाखांहून जास्त प्रती दुकानदारांनी मागवल्या होत्या, तो विक्रम गिनीज बुकात नोंदला गेला आहे, आणि त्यामुळेच साधी प्रत आजही अगदी स्वस्तात मिळते. अशा चार-पाच प्रती जमवा. प्रत्येकीचा कणा वरच्या पद्धतीने तपासून कागदावर तुमचा आकडा आणि त्याचं कारण लिहा. आठवड्याने, आधीचा कागद न बघता, पुन्हा लिहा. दोन्ही आकडे अर्ध्या गुणाच्या आत आले की तुमची नजर बसायला लागली.

विकत घेताना विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: पूर्ण मुखपृष्ठ समोरून, कणा जवळून तिरप्या उजेडात, आणि मलपृष्ठ. एका विक्रेत्याने मला 'निअर मिंट' म्हणून पाठवलेल्या प्रतीवर अकरा टिका निघाल्या होत्या. त्याच्या जाहिरातीतला फोटो समोरून, भक्क उजेडात, पिशवीसकट काढलेला होता. पिशवीच्या चकाकीत टिका बुडून जातात. तेव्हापासून पिशवीतल्या फोटोवर मी पैसे पाठवत नाही.

दुरुस्तीचा मोह

प्रेसिंग नावाची प्रक्रिया आहे. नियंत्रित ओलावा, उष्णता आणि दाब देऊन कागदाच्या चुण्या सपाट करतात. रंग न तुटलेल्या टिका आणि थोडा बाक त्याने खरंच जातो, आणि सीजीसी तिला दुरुस्ती मानत नाही. वर सांगितलेल्या माझ्या काळ्या प्रतीतल्या पाचपैकी चार चुण्या प्रेसिंगने जाऊ शकतात. पाचवी कधीच जाणार नाही, कारण उडालेली शाई दाबून परत येत नाही. म्हणूनच तिसरी पायरी इतकी मोलाची. प्रेसिंगवर खर्च करावा की नाही हे ती ठरवते. घरच्या इस्त्रीने हे करायला जाऊ नका. कागद पिवळा पडतो, चकाकी मुखपृष्ठाच्या आतल्या पानाला चिकटते.

दुसरा मोह पेनाचा. कॉलेजात असताना मी एका काळ्या मुखपृष्ठावरच्या टिका काळ्या स्केचपेनने भरल्या होत्या. समोरून प्रत सुरेख दिसू लागली आणि मी खूश झालो. काही वर्षांनी मुखपृष्ठ उघडून आतली बाजू बघितली, तर प्रत्येक टिकेच्या जागी शाई पाझरून आरपार निळसर ठिपका उमटला होता. गुण देणारे नेमके तिथेच बघतात. अशा प्रतीला सीजीसी निळ्याऐवजी जांभळं लेबल लावते, म्हणजे फेरफार केलेली प्रत, आणि तिची किंमत साध्या, टिका असलेल्या प्रतीपेक्षाही पुष्कळ खाली जाते. ती प्रत मी विकलेली नाही, विकणारही नाही. नव्या मुलांना तो आतला ठिपका दाखवायला ती माझ्या कपाटात आहे. चिकटपट्टीचंही तेच. उसवलेल्या कण्यावर पारदर्शक पट्टी लावली की काही वर्षांत तिचा डिंक कागदात मुरतो आणि तपकिरी पट्टा कायमचा राहतो.

इंद्रजालच्या प्रती

आपल्याकडे बऱ्याच घरांत वेताळ आणि मांड्रेकच्या जुन्या 'इंद्रजाल कॉमिक्स'चे गठ्ठे आहेत. मुंबईच्या टाइम्स समूहाने मार्च १९६४ पासून १९९० पर्यंत ते काढले, मराठीतही काढले. त्यांनाही हीच तपासणी लागू पडते, फक्त अपेक्षा बदला. माझ्याकडे आलेल्या बहुतेक प्रती भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या वाचनालयांतल्या. कण्यापासून बोटभर आत दाभणाने टोचून दोऱ्याने शिवलेल्या, मुखपृष्ठाला खाकी कागद डकवलेला. अशा प्रतीत टिका शोधण्याआधी टोचलेली भोकं मोजा आणि दोऱ्याच्या दाबाने पडलेली उभी घडी बघा. शिवण उसवून प्रत 'मूळ रूपात' आणण्याचा खटाटोप करू नका, भोकं तशीच राहतात आणि मऊ पडलेला कागद फाटतो.

ठेवायचं कसं

टिकांचा अर्धा हिस्सा वाचण्याने येतो, उरलेला ठेवण्याने. प्रत आम्लमुक्त पुठ्ठ्यासह पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पॉलिएस्टरच्या पिशवीत घाला. पुठ्ठा मापाचा हवा. सत्तरच्या दशकाआधीचे अंक रुंद असतात, त्यांना आजच्या मापाच्या पिशवीत कोंबलं की कण्यालाच आवळ बसतो. पिशव्या खोक्यात उभ्या ठेवा, शेजारच्या प्रतींचा आधार मिळेल इतक्या जवळ, पण ओढून काढावी लागेल इतक्या दाटीने नाही. खोकं अर्धं रिकामं राहिलं तर मागे पुठ्ठ्याचा ठोकळा लावा. कललेल्या प्रती काही महिन्यांत बाक धरतात.

मुंबई-कोकणात खरा शत्रू दमट हवा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आर्द्रता मोजणारा छोटा काटा ठेवा. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट वापरू नका. आणि दरवर्षी ऑक्टोबरात, पाऊस पूर्ण ओसरल्यावर, एक एक प्रत बाहेर काढून मधलं पान उघडा आणि खालच्या पिनेचे पाय भिंगाने बघा. गंजाचा पहिला नारिंगी ठिपका बऱ्याचदा तिथेच येतो, बाहेरून दिसण्याच्या कितीतरी आधी. तो दिसला तर ती प्रत वेगळी काढून कोरड्या खोक्यात हलवा आणि तिची पुडी बदला.